तुकडा काढू द्यायचा का? न भरणारं तोंड, अंगावरचे फोड आणि दुर्मीळ त्वचारोगांचं निदान

सेलू तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ४६. चार-पाच महिन्यांपासून तोंड आलंय, ते काही केल्या भरत नाही. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, तोंडात लावायचं जेल झालं, पोट साफ व्हायची औषधं झाली. महिन्याभरापासून छातीवर आणि पाठीवर, दोन्ही बाजूंना, पाण्याचे फोड येतात, फुटतात आणि जागा ओली राहते. एका डॉक्टरांनी नागीण म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी ॲलर्जी म्हणून इंजेक्शन दिलं, गावात गेरूचा लेप झाला, मेडिकलवरून मलमही आणलं. आता परभणीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तुकडा काढून तपासायला सांगितलंय. तुकडा म्हणजे कॅन्सर, अशी घरात भीती आहे. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला जाणार, तर परत आल्यावर तपासणी केली तर चालेल का? आणि आजार दुर्मीळ असेल तर तो ओळखतात तरी कसा?

आधी उत्तर देतो, कारणं मग. तुकडा काढू द्या, आणि तोडीला जायच्या आधी. मी आईला पाहिलेलं नाही, त्यामुळे आजाराचं नाव मी पक्कं सांगू शकत नाही. पण महिनोन्महिने न भरणारं तोंड आणि त्यानंतर अंगावर सहज फुटणारे फोड, असा क्रम ऐकला की त्वचेच्या कुठल्याही डॉक्टरच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते पेम्फिगस व्हल्गॅरिस. हा कॅन्सर नाही, संसर्गही नाही. आईच्या ताटात जेवल्याने कुणाला होत नाही. मात्र उपचाराशिवाय सोडून द्यावा असाही हा आजार नाही. स्टेरॉइड हाताशी येण्याआधीच्या काळात यातले बहुतेक रुग्ण दगावत असत.

आता नागिणीचं बघू, कारण चुकीच्या वाटेची सुरुवात तिथूनच झालेली दिसते. आपल्याकडे पाण्याचा फोड दिसला की नागीण, हे ठरलेलं आहे. पण नागिणीची एक शिस्त असते. ती एका नसेच्या पट्ट्यात येते, अंगाच्या एकाच बाजूला, आणि मधली रेघ सहसा ओलांडत नाही. फोडाच्या आधी दोन-तीन दिवस तिथे ठणकतं, आग होते. दोन ते चार आठवड्यांत खपल्या पडून ती आवरतेही. आईचे फोड दोन्ही बाजूंना आहेत, महिना उलटला तरी नवे येतायत आणि त्याआधी तीन-चार महिने तोंड आलेलं. यातलं काहीच नागिणीत बसत नाही. हे कळायला कुठलीही तपासणी लागली नसती, फक्त 'सुरुवात कुठून झाली?' असं विचारावं लागलं असतं. ओपीडीत शंभर माणसं रांगेत असताना हा प्रश्न राहून जातो. त्या डॉक्टरांना मी फार दोष देणार नाही, पण निदानाचा अर्धा भाग तिथेच असतो.

पेम्फिगसमध्ये निम्म्याहून जास्त रुग्णांना आधी तोंडातच जखमा होतात, अंगावर फोड पुढे काही महिन्यांनी येतात. म्हणून रुग्ण सुरुवातीला त्वचेच्या डॉक्टरकडे येतच नाही. तो दातांच्या डॉक्टरकडे जातो, नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जातो, नाहीतर घरातलं कुणीतरी 'उष्णता झाली' म्हणून सब्जा भिजत घालतं. एक नियम सगळ्यांनीच लक्षात ठेवावा: तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर ती तज्ज्ञाला दाखवायचीच. आपल्या भागात मिश्री आणि तंबाखू घराघरात आहे, त्यामुळे जुन्या व्रणात कॅन्सरचीही शंका घ्यावी लागते. म्हणजे तुमच्या घरच्यांची भीती अगदीच बिनबुडाची नाही, पण ती तुकड्याकडे नको होती, न तपासलेल्या व्रणाकडे हवी होती.

हा आजार होतो कसा, ते गोधडीवरून सांगतो. गोधडीचे थर टाक्यांनी एकमेकांना धरून असतात. आपल्या त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशीही अशाच बारीक टाक्यांनी जोडलेल्या असतात. त्या टाक्यांतल्या एका प्रथिनाचं नाव डेस्मोग्लीन. पेम्फिगसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती या डेस्मोग्लीनलाच परकं समजते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करते. टाके उसवतात, पेशी सुट्या होतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरतं. हा फोड वरवरचा, म्हणून ढिला आणि लगेच फुटणारा. अनेकदा रुग्णाच्या अंगावर अख्खा फोड सापडतच नाही, नुसत्या ओल्या जखमा दिसतात. म्हाताऱ्या माणसांत याचा एक भाऊबंद दिसतो, बुलस पेम्फिगॉइड. त्यात वरचा थर आतून उसवत नाही, तो अख्खाच खालच्या थरापासून सुटतो. त्यामुळे फोड ताठ असतात, लवकर फुटत नाहीत, आणि फोडांच्या आधी कधीकधी कित्येक महिने नुसती खाज असते. मधुमेहासाठी ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांत हा आजार जास्त आढळतो, म्हणून सत्तरीच्या बाबांची खाज जात नसेल तर शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना जरूर दाखवा.

आता ओळखतात कसा, ते. खुर्चीवर बसल्या बसल्या डॉक्टर एक गोष्ट करतात ती तुम्हाला विचित्र वाटेल. जखमेच्या जवळच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर अंगठा दाबून जरा सरकवतात. पेम्फिगसमध्ये वरची त्वचा तिथल्या तिथे घसरून निघते. निकोल्स्की या रशियन डॉक्टरांनी १८९० च्या दशकात हे लक्षण सांगितलं. त्याला वीज लागत नाही, मशीन लागत नाही, आणि आजही त्याचं मोल तेवढंच आहे.

दुसरी गोष्ट झँक स्मिअर. ही तपासणी मला फार प्रिय आहे, कारण ती तालुक्याच्या दवाखान्यातही होऊ शकते आणि तरीही फारसं कुणी करत नाही. शक्य तितका ताजा फोड निवडायचा, जुना गढूळ झालेला नाही. स्पिरिट सुकू द्यायचं. ब्लेडच्या टोकाने फोडाचं छत एका कडेने उघडायचं, पाणी कापसाने टिपून घ्यायचं आणि तळ हलक्या हाताने खरवडायचा. रक्त येईल इतकं नाही, रक्त आलं की काचेवर नुसत्या लाल पेशी दिसतात. खरवडलेलं काचेवर पातळ पसरायचं, वाळवायचं, गिम्साचा रंग ओतून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं आणि धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पेम्फिगस असेल तर शेजारणीपासून सुटून एकट्या पडलेल्या, गोल झालेल्या पेशी दिसतात. मध्ये मोठं गडद केंद्रक आणि भोवती फिकट कडं. नागीण असेल तर एकाच पेशीत अनेक केंद्रकं असलेल्या राक्षसी पेशी दिसतात. आईवर नागिणीचा शिक्का बसला त्याच दिवशी ही एक काच केली असती, तर अर्ध्या तासात वाट बदलली असती. पण एक सांगतो, काच साफ निघाली म्हणजे आजार नाही असं होत नाही. फोड शिळा असेल किंवा आधी स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर त्या पेशी सापडत नाहीत.

म्हणून तुकडा. बायॉप्सीची भीती मी रोज ऐकतो. "डॉक्टरसाहेब, चाकू लागला की वाढतंय म्हणं ते." नाही वाढत. तुकडा काढल्याने पेम्फिगस पसरत नाही. तपासणी करायची म्हणजे कॅन्सरच निघणार असंही नाही. त्वचेच्या डॉक्टरकडे निघणाऱ्या बहुतेक तुकड्यांचा कॅन्सरशी काही संबंध नसतो. दात काढताना देतात तसलंच बधिर करायचं इंजेक्शन त्या जागी देतात, एवढंच काय ते दुखतं. मग पेन्सिलीच्या आकाराचं एक गोल धारदार हत्यार, त्याला पंच म्हणतात, फिरवून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात. एखादा टाका पडतो. पाठीवरचा टाका आठ-दहा दिवसांत निघतो. आई रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल किंवा तिला पूर्वी बधिरीच्या इंजेक्शनचा त्रास झाला असेल, तर ते आधी सांगायचं.

गोम पुढे आहे, आणि ती तुम्ही स्वतः समजून घ्यावी. पेम्फिगससाठी साधारणपणे दोन तुकडे लागतात, आणि ते दोन वेगळ्या जागचे, दोन वेगळ्या बाटल्यांत. पहिला तुकडा नव्या छोट्या फोडाच्या कडेचा. तो फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या नेहमीच्या द्रावणात जातो, त्याच्या काचा रंगवून फाट नेमकी कुठल्या थरात पडली ते बघतात. दुसरा तुकडा फोडाचा नाही. फोडाच्या शेजारच्या, चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा, साधारण सेंटिमीटरभराच्या आतला. तो फॉर्मेलिनमध्ये टाकला की वाया गेला, कारण फॉर्मेलिनने त्यातली प्रतिद्रव्यं ओळखता येईनाशी होतात. तो मिशेल्स मीडियम नावाच्या द्रवात पाठवतात. तो नसेल आणि नमुना चोवीस तासांत पोहोचणार असेल तर साधं सलाइनही चालतं. या दुसऱ्या तपासणीला डायरेक्ट इम्युनोफ्लुरेसन्स म्हणतात, डॉक्टर आपसात डीआयएफ म्हणतात. चमकणारा रंग लावून अंधारात सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की पेम्फिगसमध्ये प्रत्येक पेशीच्या कडेने हिरवी जाळी उजळलेली दिसते. पेम्फिगॉइडमध्ये जाळी नसते, दोन थरांच्या सीमेवर एकच सरळ हिरवी रेघ असते. पेम्फिगसमध्ये प्रतिद्रव्यं असतात हे १९६४ मध्ये अमेरिकेत ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी चमकणाऱ्या रंगाच्याच तंत्राने, पण रुग्णांच्या रक्तावर, दाखवून दिलं. त्याआधी हा आजार कशामुळे होतो हेच कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या जिल्ह्यातून येणाऱ्या रुग्णांच्या हातात मी दोन्ही तुकडे एकाच फॉर्मेलिनच्या बाटलीत घातलेले पाहिले आहेत. कागदावर अगदी नीट लिहिलेलं असतं, 'डीआयएफ करावे'. माणूस गाडीभाडं खर्चून, रजा टाकून, तुकडा देऊन घरी जातो आणि पंधरा दिवसांनी रिपोर्टवर 'नमुना अयोग्य' असं येतं. म्हणून बाटल्या किती आहेत आणि त्यांत काय आहे, हे नम्रपणे विचारा. कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी विचारा.

रक्ताचीही तपासणी असते, डेस्मोग्लीन एक आणि तीनविरुद्धच्या प्रतिद्रव्यांची एलायझा. तीन नंबरचं डेस्मोग्लीन तोंडात महत्त्वाचं, एक नंबरचं अंगावरच्या त्वचेत. त्यामुळे आजार नुसता तोंडापुरता आहे की अंगावरही पसरतोय, याचा अंदाज येतो आणि पुढे औषध लागू पडतंय का हेही आकड्यांवरून कळतं. ती चांगली आहे, पण सगळीकडे होत नाही आणि स्वस्तही नाही. पैसे जपून वापरायचे असतील तर मी आधी नीट काढलेले दोन तुकडे म्हणेन.

संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचं विलासराव देशमुख, या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत. सेलूहून नांदेड आणि संभाजीनगर दोन्हीकडे थेट रेल्वे आहे. डीआयएफचा नमुना तिथून पुढे पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला जाऊ शकतो, तुम्हाला जावं लागतंच असं नाही.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, दुर्मीळ आजार ओळखतात कसा. माझं मत जरा उलटं आहे. माझ्याकडे 'काहीतरी दुर्मीळ आहे' म्हणून पाठवलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना साधाच आजार असतो, मलमाने बिघडवलेला. नायट्यावर मेडिकलमधलं तीन औषधांच्या मिश्रणाचं मलम चोळलं की त्यातल्या स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते आणि बुरशी मात्र निवांत वाढते. गोल कडा जाते, मध्येच पुळ्या येतात, त्वचा पातळ होते, आणि मग तो नायटा कुठल्याच पुस्तकातल्या चित्रासारखा दिसत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं ठरवलं. काउंटरवर काय चालतं ते तुम्हीही बघताच. बिनलेबलच्या पुड्यांचंही तसंच. 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' म्हणून दिलेल्या पुडीने चार दिवसांत फोड सुकले आणि पुडी बंद करताच दुप्पट आले, तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका मी घेतो.

दुसरा गट असा की आजार इथे आहे, पण डॉक्टरच्या मनातून गेला आहे. कुष्ठरोगाचं निर्मूलन डिसेंबर २००५ मध्ये झाल्याचं जाहीर झालं. त्याचा अर्थ देशपातळीवर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच होता. लोकांनी, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरांनीही, अर्थ असा घेतला की आजार संपला. फिकट चट्ट्याला कापसाचा धागा लावून 'कळतंय का?' विचारायला आणि कोपरामागची नस चाचपायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं वाचवली की तो चट्टा वर्षभर शिबं म्हणून मलम खातो.

त्वचेच्या क्षयाचंही तेच. ल्युपस व्हल्गॅरिस नावाचा त्याचा प्रकार नितंबावर किंवा चेहऱ्यावर वर्षानुवर्षं सावकाश सरकतो. एका बाजूने पसरतो, दुसऱ्या बाजूने व्रणाचा पांढुरका डाग ठेवत जातो. लांबून नायटाच वाटतो. काचेची स्लाइड त्यावर दाबली की लाली जाते आणि आतले पिवळट-तपकिरी ठिपके उरतात. तपासणीची अर्धी किंमत त्या स्लाइडच्या तुकड्यात आहे. त्वचेत जंतू फार कमी असतात, त्यामुळे थुंकीसारखा झटपट होकार इथे यंत्र देत नाही, आणि बायॉप्सी, माँटू चाचणी (हातावर सुई टोचून करतात ती क्षयाची) व औषधाला मिळणारा प्रतिसाद हे सगळं एकत्र जोडून ठरवावं लागतं.

मराठवाड्याच्या काळ्या रानातला एक आजार मात्र मी सविस्तर सांगणार, कारण तो अजूनही पाय कापण्यापर्यंत जातो. मायसेटोमा, ज्याला मदुरा फूट म्हणतात. कधीकाळी पायात बाभळीचा काटा मोडलेला असतो, माणूस ते विसरूनही गेलेला असतो. पावलावर सूज येते, ती दुखत नाही. दुखत नाही म्हणून दाखवत नाही. मग बारीक भोकं पडतात, त्यातून पू येतो आणि पुवातून बारीक दाणे पडतात. निदान त्या दाण्यात आहे. मी रुग्णाला सांगतो, रात्री जखमेवर कोरडी स्वच्छ गॉजपट्टी बांध आणि सकाळी तीच पट्टी न धुता, घडी करून घेऊन ये. दाणे त्यावर अडकलेले असतात. काळे दाणे म्हणजे बहुधा बुरशी. पांढरे-पिवळे असतील तर बुरशीही असू शकते आणि सूक्ष्म जिवाणूही. दाणा काचेवर चिरडून बघितला की बुरशीचे धागे जाड दिसतात, जिवाणूंचे अगदी बारीक, एक मायक्रॉनच्या आसपासचे. हा फरक कागदावरचा नाही. जिवाणूंचा प्रकार असेल तर अँटिबायोटिक्सनी पाय वाचतो, बुरशीचा असेल तर वेगळं औषध महिनोन्महिने आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियाही. दाणा न बघता उपचार सुरू केला तर वर्ष वाया जातं. या आजारात बुरशी असते हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी १८६० च्या सुमारास मांडलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत तो आला २०१६ मध्ये. दीडशे वर्षं. दुर्लक्षित हे विशेषण त्याने कमावलेलं आहे.

आणखी एक आपल्या मातीतला आजार, आता क्वचित दिसणारा, पेलाग्रा. ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या पट्ट्यात तो पूर्वी चांगलाच होता. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाचा त्याच्याशी संबंध मांडला. त्यावर पुढे बराच वाद झाला, पण भाकरीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे काहीच नसेल तर नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडतं आणि पेलाग्रा होतो, हे खरंच. आज तो दिसतो तो मुख्यतः जेवण सोडून दारूवर राहणाऱ्यांत आणि कधीकधी क्षयाचं आयसोनियाझिड चालू असलेल्यांत. हातांच्या पाठीवर, पावलांवर आणि गळ्याभोवती काळपट, जाड, सोलवटणारी त्वचा. बाही जिथे संपते तिथे रेघ मारल्यासारखी हद्द. दोन्ही हात अगदी सारखे. सोबत जुलाब आणि चिडचिड, विसराळूपणा. याला गाजरगवताची ॲलर्जी समजण्याची चूक सहज होते, कारण तीही उघड्या अंगावर येते. पण गाजरगवत पापण्यांत, कानामागे, कोपराच्या आतल्या घडीतही शिरतं, आणि प्रचंड खाजतं. पेलाग्रा खाजण्यापेक्षा जळतो. गाजरगवतासाठी पाठीवर पॅच चाचणी असते, अठ्ठेचाळीस तास पट्टी ठेवून वाचायची. पेलाग्राला रोजच्या वापरातली तशी तपासणी नाही. नायसिनामाइड सुरू केलं की थोड्या दिवसांत तोंडाची आग आणि जुलाब हटतात, आणि तेच निदान.

लहान मुलांतले जन्मजात आजार हा वेगळाच प्रांत आहे. तिथे मी थोडक्यात थांबतो, पण एक प्रश्न विचारल्याशिवाय नाही: आई-वडील नात्यातले आहेत का? मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अजून होतात. दोन वर्षांच्या आतच चेहऱ्यावर ठिपके पडायला लागलेलं, उन्हात डोळे मिटून घेणारं पोर आणि नात्यातलं लग्न, एवढ्यावर झेरोडर्मा पिगमेंटोसमची शंका घ्यायचीच. त्यात उन्हाने बिघडलेला डीएनए दुरुस्त करायची यंत्रणाच अधू असते, आणि पहिल्या दहा वर्षांतच त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. ऊन कडक तोडणं हाच उपचार, म्हणून निदान सहा महिने आधी होणं याला अर्थ आहे. जन्मतःच हात लावला की फोड येणाऱ्या बाळाला चिकटपट्टी अजिबात लावू नका, कातडी पट्टीसोबत निघते. अशा आजारांत आता बाळाच्या आणि आई-वडिलांच्या रक्तावरून जनुकीय तपासणी होते. नांदेड-लातूरकडच्या लोकांना त्यासाठी मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. जनुक सापडलं की पुढच्या गरोदरपणात वेळेवर तपासता येतं. पण रिपोर्टवर 'अर्थ निश्चित नाही' असा बदल आला तर त्यावर घाईने काही ठरवू नका, आधी समुपदेशकाशी बोला. आणि यात सुनेला दोष देऊ नका. अशा बहुतेक आजारांत दोष दोन्हीकडून आलेला असतो.

एका बाबतीत मात्र तुकड्याची, रिपोर्टची, कशाचीच वाट बघायची नाही. नवं औषध सुरू केल्यावर एक ते चार आठवड्यांत ताप, डोळे लाल, तोंड सोललेलं आणि अंगावर काळपट लाल चट्टे पडून कातडी निघायला लागली, तर त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जायचं, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घेऊन. फिट्सची कार्बामाझेपिन आणि फेनिटोइन, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या ही त्यातली नेहमीची नावं. तुमच्या आईचं दुखणं चार-पाच महिने चालू आहे, त्यामुळे हे ते दिसत नाही.

ऊसतोडीबद्दल. बीड, परभणीकडची माणसं दसरा-दिवाळीनंतर कारखान्यावर जातात ती थेट मार्च-एप्रिलात परततात. या हंगामात माझ्याकडच्या कितीतरी बायॉप्सीचे रिपोर्ट कपाटात पडून राहतात, कारण फोन लागत नाही आणि माणूस पार कोल्हापूर किंवा कर्नाटकात असतो. पेम्फिगसमध्ये हे परवडत नाही. उघड्या जखमा, उसाच्या पाचटाचे ओरखडे, कालव्याचं पाणी, एवढ्यात जंतुसंसर्ग होऊन रक्तात पसरायला वेळ लागत नाही. निदान पक्कं झालं की सुरुवातीचे काही आठवडे डॉक्टरांना जवळून लक्ष ठेवावं लागतं. स्टेरॉइड सुरू करण्याआधी शुगर, बीपी, छातीचा एक्स-रे, कावीळ बी आणि सी हे बघतात. पुढे डेक्सामेथासोनच्या पल्सचा, म्हणजे हे स्टेरॉइड दर महिन्याला सलग काही दिवस मोठ्या डोसात शिरेतून द्यायचा मार्ग आहे, जो दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात रुळवला आणि देशभर पसरला. प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या पेशींना आवरणारी रिटुक्सिमॅबची इंजेक्शनं आहेत, ज्यांना अमेरिकेत या आजारासाठी २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि आपल्याकडेही आता देतात. आई या वर्षी कोयता धरू शकणार नाही. मुकादमाची उचल घेतलेली असेल तर तो हिशोब आत्ताच बोला, डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू झाल्यावर 'बरं वाटलं' म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत, ते जिवावर बेतू शकतं.

जाताना काय न्यायचं ते सांगतो. आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या, मलमांच्या ट्यूब, पुडी उरली असेल तर पुडीही. नवा फोड आला की दिवसाच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढा, एक लांबून, एक जवळून, तारखेसकट. तपासणीच्या दिवशी अंगाला गेरू, हळद, मलम काही नको. फोड फोडू नका, दोरा ओवू नका. सकाळी नवा फोड दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी निघा, तुकडा ताज्या फोडाचा मिळाला तर निदान पक्कं होण्याची शक्यता खूप वाढते.

रिपोर्ट इंग्रजीत येईल. 'सुप्राबेझल क्लेफ्ट' (तळच्या पेशींच्या लगेच वर पडलेली फाट) आणि 'अकॅन्थोलिसिस' (पेशी एकमेकींपासून सुटणं) हे शब्द दिसले आणि डीआयएफमध्ये पेशींच्या कडांना आयजीजी हे प्रतिद्रव्य सापडलं, तर पेम्फिगस व्हल्गॅरिस पक्कं. फाट 'सबएपिडर्मल', म्हणजे अख्ख्या वरच्या थराच्या खाली असेल तर पेम्फिगॉइडच्या घरातला आजार. नुसतं 'नॉन-स्पेसिफिक', म्हणजे ठोस काही सांगता येत नाही, असं आलं आणि फोड मात्र येतच असतील, तर आजार नाही असं समजून गप्प बसू नका. तुकडा दुसऱ्या जागेवरून पुन्हा घेता येतो. आणि पहिल्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो, तो आणि काचा मागून घेऊन त्वचेचं पॅथॉलॉजी बघणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतात. त्यासोबत आईचा सगळा इतिहास एका कागदावर लिहून द्या: आधी तोंड, मग छाती, मग पाठ, आणि कुठल्या महिन्यात कुठली गोळी.